पडद्यावरचा दरोडा

अमेरिकेच्या पश्चिम मुलखात आगगाडी अडवून टपालडब्यातील तिजोरी सुरुंगाने उडविण्याचा धंदा अद्याप पुरता मावळला नव्हता, वायोमिंगमधील विलकॉक्स येथे ‘वाइल्ड बंच’ टोळीने घातलेल्या दरोड्यास अवघी ४ वर्षे लोटली होती, आणि त्या टोळीचा म्होरक्या बुच कॅसिडी मायदेश सोडून अर्जेंटिनात गुरे पाळीत होता, अशा वेळी, म्हणजे १९०३ साली, एडिसनच्या कंपनीतील एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुमारे १२ मिनिटांचा मूकपट सिद्ध केला. ज्या मुलखाची ही कथा, तेथील मातीचा एक कणही त्यात नाही. झाडी, ओढे, रूळ सारे पूर्वेकडील न्यू जर्सीचे.

तारमास्तरास बांधून घालावे, टपालडब्याच्या रखवालदारास ठार करावे, उतारूंना हारीने उभे करून जडजवाहीर काढून घ्यावे, इंजिन डब्यांपासून तोडून त्यावरून पसार व्हावे, आणि अखेर पाठलागावर निघालेल्या शिबंदीने रानात गाठून सर्वांचा निकाल लावावा, एवढेच कथानक. परंतु चोर रानात पळतात आणि मग पडद्यावर तारमास्तराची लहानगी मुलगी बापाचे बंध सोडविताना दिसते, तेव्हा या दोन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत हे प्रेक्षकास कोणी न सांगता उमगते. पोर्टर यांची ही देणगी मला सर्व बंदुकांहून मोलाची वाटते.

तथापि लोकांच्या स्मरणात राहिले ते कथेशी काडीचा संबंध नसलेले दृश्य. जस्टस बार्न्स हा नट, छातीपर्यंतच दिसणारा, पिस्तूल थेट प्रेक्षकांवर रोखून गोळ्या झाडतो. हा तुकडा आरंभी दाखवावा की शेवटी, याची मुखत्यारी कंपनीने खेळ लावणाऱ्यांकडेच सोपविली होती! पळताना गोळी खाऊन पडणाऱ्या उतारूसह याच चित्रपटात अनेक भूमिका करणारा अँडरसन हा तरुण पुढे ‘ब्रॉन्को बिली’ या नावाने काउबॉयपटांचा पहिला लोकप्रिय नायक झाला.

घोडेस्वार दरोडेखोर आणि धावती आगगाडी ही जोडी पुढे देशोदेशी फिरली. १९७५ च्या ‘शोले’साठी ती आमच्या पनवेलजवळच्या रुळांवर अवतरली. बार्न्सची ती गोळी मात्र १९९० साली दिग्दर्शक स्कॉर्सेसी यांनी ‘गुडफेलाज’च्या अखेरीस पुन्हा झाडविली, नट जो पेशी यांच्या हातून, तशीच सरळ प्रेक्षकांच्या अंगावर.