कीटकांतील भक्षिपेशी
कीटकांच्या रक्तद्रवात फिरणाऱ्या, तसेच ऊतींना चिकटून राहणाऱ्या आणि सूक्ष्मजीव व मरणाऱ्या पेशी गिळणाऱ्या रक्तपेशी. कीटक प्रतिपिंडे तयार करीत नाहीत; त्यामुळे ओळख पटवण्याचे काम जन्मजात ग्राही प्रथिनांवरच पडते. भक्षिपेशींचा सर्वाधिक अभ्यास ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीत झाला आहे. तिच्या निरोगी अळीतील सुमारे ९५% रक्तपेशी प्लाझ्मॅटोसाइट, म्हणजे भक्षिपेशी असतात.

जिवाणूंना पकडण्यात ‘ईटर’ आणि ‘निम्रॉड सी१’ हे पृष्ठभागावरील ग्राही आघाडीवर असतात. काही वेळा सूक्ष्मजीवावर आधी खूण केली जाते: ॲनोफेलिस गॅम्बिए डासात टीईपी१ हे प्रथिन जिवाणूंना चिकटते आणि त्यांचे भक्षण सुलभ करते. मलेरियाच्या परजीवीलाही ते चिकटते. तेथे मात्र परजीवी गिळला न जाता आतड्याच्या भित्तीपाशीच मारला जातो.

मरणाऱ्या पेशीची खूण वेगळी. एरवी पटलाच्या आतल्या बाजूस असणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेर येते आणि ‘ड्रेपर’ ग्राही ते ओळखतो. मग ॲक्टिन तंतूंच्या हालचालीने भक्षिपेशीचे पटल भक्ष्याभोवती मिटते. तयार झालेली पुटिका लयकारिकांशी एकरूप होऊन आतील पदार्थ आम्ल व विकरांनी पचवला जातो. भ्रूणावस्थेत मृत पेशी गिळलेल्या भक्षिपेशी पुढे जखम व संसर्गाला अधिक चांगला प्रतिसाद देतात, हे विशेष लक्षणीय. परजीवी गांधीलमाशीचे अंडे मात्र गिळण्यास फार मोठे असते. त्याला लॅमेलोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या रक्तपेशी वेढून टाकतात.