दुष्काळ, बैलगाडी आणि म्हसवडचा तलाव

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव दुष्काळाने बांधला, असं म्हटलं तर चूक होणार नाही. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळात माण नदीवर हे काम मदतकाम म्हणून सुरू झालं आणि पुढच्या दशकात पूर्ण झालं.

त्या दुष्काळात माणसं मेली ती केवळ पीक गेलं म्हणून नाही. धान्य दुसरीकडे होतं. पुणे-सोलापूर रेल्वे 1860 मध्येच धावू लागली होती. पण स्टेशनापासून माणदेशापर्यंत धान्य आणायचं ते बैलगाडीने, आणि बैलाला लागतो चारा-पाणी. जो पाऊस पीक बुडवतो, तोच बैलही मारतो. म्हणजे गरज वाढली त्याच वेळी वाट तुटली.

सरकारने काय मोजलं? जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला साधारण एक पौंड धान्यापर्यंत खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली, पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. खर्च मोजला गेला, भूक नाही.

तलाव झाला, पण तोही त्याच पावसावर भरणारा. 2012-13 मध्ये म्हसवडला जनावरांसाठी चारा छावणी उभी राहिली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. ती गाडी उपयोगी पडली, कारण मिरजेच्या पाण्याचा उगम वेगळ्या, भरपूर पावसाच्या सह्याद्रीत आहे. बैलगाडीचं जे झालं, ते तिचं झालं नाही.

धोका मोजताना म्हणूनच पहिला प्रश्न हा हवा: मदत ज्या वाटेने येणार, ती वाटही त्याच संकटात सापडणार का? पंप विजेवर, वीज धरणावर, धरण पावसावर. साखळीतली एक कडी तुटली की सगळंच थांबतं.

कुरआनमधल्या हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या गोष्टीत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला आहे. लहानपणी मला ती स्वप्नाच्या अर्थाची गोष्ट वाटायची. आता वाटतं, ती साठवणीची गोष्ट आहे. वाट बंद होण्याआधीच धान्य माणसांजवळ असावं, एवढंच ती सांगते. 1876 मध्ये माणदेशाजवळ ते नव्हतं.