महिन्यात लाख रुपये उडवून दाखव!

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने मुलीच्या लग्नासाठी पन्नास हजारांची कर्जमागणी केली. हप्ता कसा फेडणार यावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात आमच्या सगळ्यांत थोरल्या आजी हसायला लागल्या. म्हणाल्या, "आमच्या येळेला एक पिच्चर व्हता. त्यात सासराच म्हणतो, लाख रुपये खर्चून दाखव, मग पोरगी देतो!" आजींनी तो यात्रेत, तंबूतल्या टॉकीजला पाहिला होता.

तो पिच्चर म्हणजे 'लाखाची गोष्ट', साल १९५२. दिग्दर्शक राजा परांजपे, लेखन ग. दि. माडगूळकरांचं, संगीत सुधीर फडके यांचं. पुढे तीनच वर्षांनी याच माडगूळकर-फडके जोडीने गीतरामायण दिलं. दोन कफल्लक मित्र, राजा गोसावी आणि राजा परांजपे. समोर रेखा आणि चित्रा, या खऱ्या आयुष्यातही सख्ख्या बहिणी. श्रीमंत बापाची अट अशी, की महिन्याभरात लाख रुपये संपवून दाखवायचे. ज्याला पैसा कमावता येत नाही त्याला निदान खर्चता तरी येतो का, ते बघू! मग धमाल. राजा गोसावींबद्दल असं सांगतात, की पुण्याच्या भानुविलास टॉकीजला ते तिकीटविक्री करायचे, आणि स्वतः नायक असलेल्या याच सिनेमाची तिकिटं त्यांनी खिडकीत बसून विकली.

लाख म्हणजे तेव्हा किती? सोनं दहा ग्रॅमला शंभर रुपयांच्या आत होतं. म्हणजे लाखात दहा किलोहून जास्त सोनं आलं असतं. आता कळलं ना, लोक का हसत होते?

ही कल्पना जुनीच. अमेरिकेत १९०२ साली अशीच कादंबरी आली होती: वर्षभरात दहा लाख डॉलर उडव, तर सत्तर लाख मिळतील. पण त्यात अट वारशाची होती. आपल्याकडे पैजेवर लागली ती मुलगी. आता मी विचारते, लाख रुपये त्या मुलीलाच का नाही दिले? ती ते जपून वापरेल, आणि सिनेमा पंधरा मिनिटांत संपेल! आणि त्या वेळी भाऊ असला, तर बापाच्या इस्टेटीत मुलीला वाटा नव्हताच. वारसा कायदा १९५६ चा, हुंडाबंदी १९६१ ची. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला.

मला त्याहून आवडला तो १९३४ चा एक अमेरिकन सिनेमा. राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' त्याच्यावरूनच निघाला. त्यात श्रीमंताची मुलगी घरून पळते, आणि बाप दहा हजार डॉलरचं बक्षीस लावतो. नायक ते घेत नाही. आपला झालेला खर्च तेवढा मागतो, तोही हिशोब लिहून: ३९ डॉलर ६० सेंट. आमच्या गटाच्या सचिव ताईंना हा जावई एकदम पसंत पडेल.

आपल्या सटाण्याची लाखाची गोष्ट तर वेगळीच आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात देवमामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिन्यातले लाखाहून जास्त रुपये उपाशी लोकांना वाटले, असं आपण सांगतो. तपासणीला खजिना भरलेला निघाला, ही भाविकांची श्रद्धा. आरम नदीकाठी त्यांची यात्रा भरते ती याच आठवणीने.

आता घरचं सांगते. माझ्या लग्नाची वही वडिलांनी जपून ठेवली आहे. मांडव, आहेर, जेवण, वाजंत्री, वरातीची गाडी, सगळं त्यात आहे. शेवटच्या पानावर कर्जाचे हप्ते. दरवर्षी कांदा विकला की एक ओळ. शेवटची ओळ माझा मुलगा बालवाडीत गेला त्या वर्षीची. मी बीए झाले, पण ती वही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा उघडली. वडील म्हणाले, "तुला काय करायचंय ते बघून?"

त्या ताईचं कर्ज आम्ही अजून मंजूर केलेलं नाही, नाकारलेलंही नाही. पुढच्या बैठकीला खर्चाची यादी आणा, असं तिला सांगितलंय. आणि जिचं लग्न आहे तिलाही सोबत आणा, म्हटलं. यादी तिनेच वाचून दाखवावी.