बासनात बांधलेलं कारंजा

कारंजाले पाहुणा आला की त्याला आधी गुरुमंदिरात नेतात. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, तेव्हा ते बरोबरच. मग दिल्ली वेस, दारव्हा वेस. "अजून काय हाय पाहाले?" म्हटलं, की सांगणारा म्हणतो, "बस, एवढंच."

एवढंच कसं? गावात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन जुनी दिगंबर जैन मंदिरं आहेत. इथं भट्टारकांच्या गाद्या होत्या. गादी आली की पोथ्या आल्याच. संग्रहालय हा शब्द गावात यायच्या कितीतरी आधीपासून ही मंदिरं ते काम करत होती.

रायबहादूर हिरालालांची मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची १९२६ साली छापली गेली, तीत कारंजाच्या पोथ्या आहेत. दुसरे हिरालाल म्हणजे अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन. (लोक दोघांना एकच समजतात.) अपभ्रंश भाषेतलं फार थोडं तेव्हा छापून आलं होतं, आणि आपली मराठी तर त्याच वाटेनं आलेली. ते काव्य इथं कापडात बांधून पडलेलं! पुष्पदंत हा दहाव्या शतकातला कवी, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा. ती राजधानी ९७२ मध्ये परमारांनी लुटली. कवीचे शब्द मात्र कारंजापर्यंत पोचले. कारंजाहून त्याचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये काढलं, 'णायकुमारचरिउ' डॉ. जैनांनी १९३३ मध्ये. पुढच्या वर्षी कनकामराचं 'करकंडचरिउ' आलं. त्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचं वर्णन आहे. ती धाराशिवचीच, असं डॉ. जैनांनी दाखवलं. लेणी मराठवाड्यात, त्यांची गोष्ट वऱ्हाडात.

मला मोठी वाटतात ती पोथ्या बांधणारी माणसं. ज्येष्ठात श्रुतपंचमी आली की पोथ्या काढायच्या, पुसायच्या, पूजा करायची, पुन्हा बासनात बांधायच्या. त्यातल्या कितीकांना ती भाषा वाचता येत असेल? आमच्याकडच्या वाड्यांतले मोडीचे रुमाल मात्र "कोणाले वाचता येते आता?" म्हणून रद्दीत गेले, काही चुलीत. पोळा-दिवाळीले बैल, वजनकाटा, वह्या पुजणारे आपण, त्या कागदाले कधी हळदीकुंकू लागलं नाही. कारंजात लागलं, म्हणून ते कागद उरले.