वादी कापण्याची हत्यारे

चामड्याच्या लांब व अरुंद पट्टीस वादी म्हणतात. अशी पट्टी आरंभापासून शेवटापर्यंत सारख्या रुंदीची कापण्यासाठी चर्मकामात रापी, लाकडी स्ट्रॅप कटर, ड्रॉ गेज, प्लाऊ गेज आणि चक्राकार पात्यांचे यंत्र ही साधने वापरली जातात. कंबरपट्टा, पिशवीचा बंद, वहाणेचा पट्टा, बैलाचा घुंगरपट्टा व मृदंगाची वादी या साऱ्यांचे काम ताण सोसण्याचे असते. ताण वाढला की पट्टी बहुधा सर्वांत अरुंद जागी तुटते. त्यामुळे रुंदीचा सारखेपणा केवळ शोभेचा नसून टिकाऊपणाचा प्रश्न ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वापर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. डिझेलचे व विजेचे पंप येईपर्यंत येथील विहिरींवर चामड्याची मोट चालत असे. मोट शिवणे, तिला ठिगळ लावणे, जुपण्या, आसूड व वहाणा करून देणे ही कामे गावचे चर्मकार बलुत्याच्या मोबदल्यात करीत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या बलुतेपद्धतीचे वर्णन आढळते. कातडे कमावण्यासाठी दख्खनमध्ये बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा वापरीत. पैकी बाभूळ आणि तरवड जिल्ह्याच्या कोरड्या माळरानावर आजही दिसतात.

पंपांमुळे मोट गेली, ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले आणि उरलेल्या कामाचा मोठा वाटा नायलॉनच्या पट्ट्यांनी घेतला. आता वादी कापण्याचे काम मुख्यतः गटई कामगार, पट्टे-पिशव्यांचे लहान कारखानदार आणि वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर करतात. राज्यात या व्यवसायासाठी १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे चारच जिल्हे येतात. अहिल्यानगरच्या वहाणांना त्याचा लाभ नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचा समावेश त्यात नसल्याने जाड पट्ट्यांसाठी म्हशीच्या कातड्यावरची भिस्त वाढली. हे कातडे जाड व भरड असते, कापताना जोर अधिक लागतो, आणि वाकडी गेलेली प्रत्येक पट्टी म्हणजे महाग मालाची नासाडी असते.

हत्यारांचे प्रकार

रापी हे रुंद, सपाट पात्याचे लोखंडी हत्यार आहे. कापणे, तासणे व कडा पातळ करणे ही तिन्ही कामे तिने होतात. रुंदी राखण्याची कोणतीही सोय तिच्यात नाही. ती कारागिराच्या नजरेत आणि पट्टीवर आखलेल्या रेघेत असते. सवयीच्या हाताने रापी सुंदर चालते, परंतु वीस पट्टे एकसारखे काढायचे झाल्यास वेळ फार जातो.

लाकडी स्ट्रॅप कटरमध्ये मुठीतून आरपार गेलेल्या दोन समांतर पट्ट्या व त्यांच्या टोकाशी पातळ पाते असते. चामडे दोन पट्ट्यांमधील फटीतून सरकते आणि त्याची कड मुठीला टेकून राहते. पट्टीवरील मापानुसार रुंदी ठरवून स्क्रू आवळतात. सुमारे १० सेंटिमीटरपर्यंतची पट्टी याने निघते. पाते बदलता येते, चामडे वर उचलले जात नाही, आणि शिकण्यास फारसा काळ लागत नाही. स्क्रू सैल पडल्यास मात्र रुंदी नकळत बदलते.

ड्रॉ गेज हे पिस्तुलासारख्या मुठीचे धातूचे हत्यार असून ते स्वतःकडे ओढतात. अमेरिकेत १८२६ पासून चर्महत्यारे बनविणाऱ्या सी. एस. ऑसबॉर्न या कंपनीची अशी हत्यारे प्रसिद्ध आहेत. याचे पाते जाड असते व पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येते. जाड, ताठ चामड्यावर ते उत्तम चालते. धार नसेल तर चामडे गोळा होऊन वर येते. प्लाऊ गेज याच्या उलट पुढे ढकलतात. इंग्लंडमधील वॉल्सॉलसारख्या खोगीर बनविणाऱ्या गावांत ते रूढ झाले.

एका अक्षावर अनेक गोल पाती बसविलेले यंत्र एका फेरीत अनेक पट्ट्या काढते. रोजचे काम मोठे असल्याखेरीज ते घेण्यात अर्थ नाही.

निवड

सालीने कमावलेल्या ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या चामड्याचे कंबरपट्टे करायचे असतील आणि काम थोडे असेल, तर लाकडी स्ट्रॅप कटर पुरतो. तेच काम रोजचे झाले की ड्रॉ गेज अधिक सोयीचे पडते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे दोन्ही हत्यारांखाली ताणले जाते. त्यासाठी पोलादी पट्टी व फिरते गोल पाते बरे. डावखुऱ्या कारागिराने पात्याची बाजू आधी पाहावी, कारण बरीच हत्यारे उजव्या हातासाठी घडविलेली असतात.

हत्यार कोणतेही असले तरी ते चामड्याच्या कडेच्या आधाराने चालते. कड वाकडी असेल तर पट्टीही तितकीच वाकडी निघते, आणि हा दोष अनेकदा हत्याराच्या माथी मारला जातो. म्हणून पहिली कड पोलादी पट्टी व रापीने सरळ करून घेतात. पट्टी पाठीच्या कण्याला समांतर काढतात, कारण पाठीचे चामडे कमी ताणते. पोटाकडचे चामडे लांबते, म्हणून ते पट्ट्यांना वापरत नाहीत.

चामड्याचा तुकडा लहान आणि वादी लांब हवी असल्यास गोल तुकडा कडेकडून आत चक्राकार कापत जातात. २० सेंटिमीटर व्यासाच्या चकतीतून ५ मिलिमीटर रुंदीची सुमारे ६ मीटर वादी निघते. ती ओली करून ताणून वाळविली की तिचा बाक जातो, मात्र रुंदी थोडी घटते. ती घट धरूनच कापणीचे माप किंचित मोठे ठेवतात.