जपानी शिल्पकलेची परिभाषा शिकताना

जपानी भाषेचे प्राथमिक शिक्षण पूर्ण केलेला विद्यार्थी नारा किंवा क्योतो येथील एखाद्या मंदिरातील माहितीफलक वाचू लागतो, तेव्हा त्याला वाक्यरचना बहुधा कळते. अडते ते मूर्तिकलेच्या नामांपाशी. शब्दकोश उघडावा, तर चार-पाच निरनिराळ्या शब्दांपुढे 'कोरीवकाम' किंवा 'शिल्प' एवढाच अर्थ दिलेला आढळतो. वस्तुतः हे शब्द समानार्थी नाहीत. काही कारागिराच्या हाताबरोबर आले, काही बौद्ध मंदिरांबरोबर रुजले, तर काही एकोणिसाव्या शतकात घडविले गेले. हे तीन थर ओळखता आले, तर पाठांतराचा भार हलका होतोच, शिवाय अनुवादातील गफलतीही टळतात.

कारागिराचे शब्द

या परिभाषेचे मूळ 'होरु' म्हणजे कोरणे या क्रियापदात आहे. त्यापासून झालेले 'होरी' हे नाम समासाच्या उत्तरपदी आले, की बहुधा 'बोरी' होते. 'की' म्हणजे लाकूड, म्हणून 'किबोरी' म्हणजे काष्ठशिल्प. 'मारु' म्हणजे गोल. चहूबाजूंनी कोरलेली मूर्ती ती 'मारुबोरी'. 'उकी' या शब्दात तरंगण्याचा भाव आहे. पृष्ठभागावर तरंगल्यासारखे दिसणारे उठावाचे काम ते 'उकिबोरी'. आरपार दिसणारे जाळीकाम 'सुकाशिबोरी', तर केसासारख्या बारीक रेषांचे काम 'केबोरी'. एक क्रियापद आणि चार-पाच पूर्वपदे लक्षात ठेवली, की अर्धी परिभाषा हाती येते.

इतर क्रियापदे तर घरातही भेटतात. 'केझुरु' म्हणजे तासणे. शिसपेन्सिलीला टोक काढण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात. 'किझामु' म्हणजे खाचा पाडून कोरणे, तसेच भाजी बारीक चिरणे. 'मिगाकु' म्हणजे घासून चकाकी आणणे. दात घासणेही त्यातच येते. हत्यारांमध्ये 'नोमी' म्हणजे पटाशी वा छिन्नी, 'त्सुची' म्हणजे हातोडा, 'कान्ना' म्हणजे रंधा आणि 'चोना' म्हणजे वाकस.

मंदिराचे शब्द

बौद्ध मूर्तीला 'बुत्सुझो' आणि ती घडविणाऱ्याला 'बुश्शी' म्हणतात. एकाच ओंडक्यातून मुख्य देह कोरण्याची पद्धत 'इचिबोकु-झुकुरी', तर अनेक तुकडे जोडून मूर्ती उभी करण्याची पद्धत 'योसेगि-झुकुरी' होय. दुसऱ्या पद्धतीला परिपूर्ण रूप देण्याचे श्रेय जोचो या बुश्शीला दिले जाते. उजी येथील ब्योदोइन मंदिरातील त्याची १०५३ मधील अमिदा बुद्धमूर्ती आजही पाहावयास मिळते. या पद्धतीमुळे मूर्तीचे काम अनेक हातांत वाटून घेता येऊ लागले. म्हणूनच उन्केइ, काइकेइ आणि त्यांचे सहकारी तोदाइजीच्या महाद्वारातील आठ मीटरहून उंच असे दोन 'निओ', म्हणजे द्वारपाल, १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत उभे करू शकले.

मूर्तीच्या डोळ्यांत बसविलेल्या स्फटिकाला 'ग्योकुगान', तर डोळे उघडण्याच्या विधीला 'काइगेन' म्हणतात. नेत्रोन्मीलनाची कल्पना भारतीय वाचकास परकी नाही. तोदाइजीच्या महाबुद्धाचा हा विधी ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला होता. कोफुकुजी मंदिरातील 'आशुरा' या नावामागचा 'असुर' आपल्याला सहज ओळखू येतो. मूर्ती मोजतानाही साधी संख्या चालत नाही. 'देह' या अर्थाचा 'ताइ' जोडून एका मूर्तीला 'इत्ताइ' म्हणावे लागते.

मेइजी काळातील शब्द

'शिल्पकला' या अर्थाने आज रूढ असलेला शब्द 'चोकोकु'. त्यातील दोन्ही चित्राक्षरांचा अर्थ कोरणे असाच आहे. १८७६ मध्ये तोक्योत सरकारी कलाशाळा निघाली आणि विन्चेन्झो रागुझा हे इटालियन शिल्पकार तेथे शिकवू लागले. त्यांची पद्धत मातीवर माती चढवून आकार घडविण्याची होती. काढून टाकण्याच्या कलेचे नाव भर घालण्याच्या कलेलाही कसे लागू पडावे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १८९०च्या दशकात ओमुरा सेइगाइ या कलाभ्यासकाने 'चो' म्हणजे कोरणे आणि 'सो' म्हणजे मातीत घडविणे यांचा 'चोसो' हा जोडशब्द सुचविला. तो आजही आढळतो. परंतु व्यवहारात 'चोकोकु'च टिकला.

या शब्दबदलामागे माणसांची होरपळही होती. १८६८ नंतर बौद्धविरोधी लाट उसळून अनेक मंदिरे व मूर्ती नष्ट झाल्या आणि बुश्शींचे काम आटले. बुश्शीकडे शिकलेले ताकामुरा कोउन पुढे तोक्योच्या कलाशाळेत अध्यापक झाले. त्यांचे 'रोएन', म्हणजे वृद्ध वानर, हे काष्ठशिल्प १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडले गेले. तेव्हा कोउन यांना बुश्शी म्हणावे की 'चोकोकुका', म्हणजे शिल्पकार, हा केवळ शब्दनिवडीचा प्रश्न उरत नाही. उन्केइला मात्र 'चोकोकुका' म्हणणे म्हणजे त्याच्या माथी सहाशे-सातशे वर्षांनंतरची ओळख मारणे होय.

अभ्यासाची रीत

उच्चाराच्या बाबतीत मराठी भाषकाला एक सोय आहे. 'त्सुची'मधील पहिला ध्वनी आपल्या 'चुना'तील दंततालव्य 'च'च्या अगदी जवळचा आहे. 'चोकोकु'तील 'चो' मात्र 'चहा'तील 'च'प्रमाणे तालव्य आणि लांबवून उच्चारावा लागतो. चित्राक्षरांकडेही लक्ष असावे. 'होरु' हाच उच्चार जमीन खणण्यालाही आहे. लिहिताना खणण्याच्या अक्षरात डावीकडे हाताची खूण येते, तर कोरण्याच्या अक्षरात उजवीकडे तीन तिरप्या रेषा असतात. 'किझामु' आणि 'केझुरु' यांच्या अक्षरांत उजवीकडे सुरीची खूण दिसते.

म्हणून नवा शब्द वहीत उतरविताना त्याच्यापुढे केवळ मराठी अर्थ लिहून थांबू नये. कोणते हत्यार, कोणती क्रिया आणि कोणता काळ, या तीन गोष्टीही नोंदवाव्यात. अशी नोंद असलेला विद्यार्थी पुढे दुभाषा वा मार्गदर्शक झाला, तर त्याच्या तोंडी उन्केइ हा बुश्शीच राहील आणि श्रोत्यांना मूर्तीबरोबर ती घडविणारा हातही दिसेल.