कागदाची वाट आणि शेजाऱ्याचे दार

परदेशी गेलेल्या आपल्या लेकी-सुनांकडे नागरिकत्वाची गोष्ट निघाली, की अर्ज कुठवर आला, हा प्रश्न ओघानेच येतो. कित्येक वर्षे रेंगाळणारे हे अर्ज काही आजचे नव्हेत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या हिंदी लोकांनी ही वाट पाहिली, आणि तिचा भार घरातल्या स्त्रीवर किती पडला, हे भगिनींनी जाणून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत बाहेरून आलेल्यांना नागरिकत्व देण्याचा पहिला कायदा १७९० सालचा. तो फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसांपुरता होता. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. हिंदी माणूस कोठे बसतो, हे मात्र कोणी सांगितले नाही. एका न्यायालयाने त्याला गोरा मानावे, दुसऱ्याने मानू नये, असा कारभार चालला होता.

भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांचे उदाहरण पाहा. १९१८ साली ते अमेरिकी सैन्यात होते. त्याच डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेण्यात आले. १९२० साली पुन्हा मिळाले, तर सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी मनुष्य गोरा नव्हे. पुढे १९३५ साली महायुद्धातील सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा कुठे १९३६ साली त्यांना तिसऱ्यांदा आणि कायमचे नागरिकत्व लाभले. एका कागदापायी अठरा वर्षे गेली!

१९२३ च्या निकालानंतर, पूर्वी मिळालेली नागरिकत्वेही सरकार रद्द करू लागले. पेशावरहून १९१५ साली पत्नी कलाबाई आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले वैष्णोदास बगाई हे त्यांपैकी एक. १९२१ साली ते नागरिक झाले होते. तो हक्क गेला, आणि परकीयांना जमीन बाळगू न देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे घरदारही हातचे गेले. मायदेशी जाऊन येण्यासाठी अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे कलाबाई राहिल्या, परक्या मुलखात, तीन मुलांसह. या माउलीने मुलांना कॉलेजपर्यंत शिकविले. २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यानंतर कलाबाई अमेरिकेच्या नागरिक झाल्या. निकालापासून त्या कायद्यापर्यंत तेवीस वर्षे लोटली होती. कचेरीत तेवीस वर्षे म्हणजे फायलींचा एक गठ्ठा. घरात तेवढ्या काळात मुले मोठी होतात आणि आईचे केस पांढरे होतात.

या काळात एक लढाई जिंकलीही गेली. लॉस एंजल्सचे वकील सखाराम गणेश पंडित यांनीच थिंड यांची बाजू मांडली होती. त्यांना स्वतःला १९१४ साली नागरिकत्व मिळाले होते. तेही काढून घेण्याचा दावा सरकारने केला. त्यांच्या अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही त्यामुळे धोक्यात आले. परंतु १९१४ साली रीतसर ठरलेला आणि तेव्हा सरकारने मुदतीत अपील न केलेला प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, असे १९२६ साली अपील न्यायालयाने ठरविले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही, आणि रद्द करण्याची ती मोहीम थंडावली. ज्या घरातला अर्ज रखडला असेल, त्या घराने हा धडा घ्यावा: प्रत्येक कागदाची नक्कल, प्रत्येक तारीख आणि प्रत्येक पोच जपून ठेवावी. वर्षे लोटल्यावर तोंडचा शब्द कोणी मानीत नाही, नोंद मानतात.

दुसरा धडा शेजाऱ्यांसाठी आहे. बगाई कुटुंब बर्कली गावात नव्या घरी राहायला गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून त्यांना आत जाऊ दिले नाही. कायद्याने नाकारण्याआधी शेजाराने नाकारले होते. त्याच गावातल्या एका रस्त्याला २०२१ साली कलाबाईंचे नाव देण्यात आले. मान मिळाला खरा, पण तो पाहायला त्या राहिल्या नव्हत्या. १९८३ सालीच त्या निवर्तल्या होत्या.

मैत्रिणींनो, सरकारी शिक्का आपल्या हाती नसतो. पण दूरच्या मुलखातून आलेले एखादे बिऱ्हाड आपल्या गल्लीत कागदांची वाट पाहत असेल, तर त्या घरच्या बाईला हळदीकुंकवाला बोलावणे, तिच्या मुलांना शाळेची वाट दाखविणे, हे आपल्या हातचे आहे. त्यासाठी कोणत्याही कचेरीची परवानगी लागत नाही.